दिग्रसला ५० खाटांचं हॉस्पिटल परवडेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा अस्थिरोगतज्ज्ञ, बायको भूलतज्ज्ञ. दोघांनी नागपुरात सहा वर्षं नोकरी केली. मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसजवळ, म्हणून आता तिकडे ५० खाटांचं सुपरस्पेशालिटी हॉस्पिटल काढायचं मनात आहे. हाडांचा विभाग, डायलिसिस, आयसीयू आणि कॅथलॅब (हृदयाची अँजिओग्राफी करून स्टेंट बसवायची खोली). प्रकल्प ९ कोटींचा, त्यात साडेसहा कोटी कर्ज. बँकेने तारण मागितलंय आणि वडील त्यांची १४ एकर शेती द्यायला तयार आहेत. हे करावं का?

मी जनरल सर्जन. वाशिम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २२ वर्षं दवाखाना चालवतो. १२ खाटांवर सुरुवात केली, आज ३४ आहेत. गेली काही वर्षं आमच्याकडचे तरुण डॉक्टर प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन येतात आणि आम्ही ते रात्री ओपीडी संपल्यावर ओळ-ओळ वाचतो. तुमचाही मी तसाच दोनदा वाचला.

दवाखाना काढा. पण हा ९ कोटींचा काढू नका, आणि कॅथलॅब तर अजिबात नको.

आधी हप्ता बघू. साडेसहा कोटी साडेदहा टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता ८ लाख ७७ हजारांच्या आसपास येतो. बँकेने मुदत ७ वर्षांचीच दिली तर जवळपास ११ लाख. बांधकाम चालू असताना हप्ता नसतो असं तुम्ही लिहिलंय, पण व्याज असतं. पूर्ण रक्कम उचलल्यावर ते महिन्याला ५ लाख ६९ हजार होतं. बांधकाम सहा महिने लांबलं, आणि आपल्याकडे ते लांबतंच, तर पहिला पेशंट यायच्या आधी ३०-३५ लाख गेलेले असतील. तुमच्या रिपोर्टमध्ये या पैशाला जागाच नाही.

तरीही माझी खरी काळजी हप्त्याची नाही. हप्ता आधीपासून माहीत असतो. दवाखाना बुडतो तो केलेल्या कामाचा पैसा वेळेवर न आल्यामुळे.

आपल्या भागात पैसा कुठून येतो ते नीट पाहा. तुमच्या हिशोबात ७० टक्के पेशंट रोखीचे आणि विम्याचे धरलेत. हे नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतलं गणित आहे. दिग्रस, आर्णी, दारव्हा, मानोरा या पट्ट्यात मोठं ऑपरेशन निघालं की घरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘जीवनदायीत बसते काय?’ २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपले गडचिरोली आणि अमरावती होते. २०१७ मध्ये नाव बदलून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, पण लोकांच्या तोंडी जीवनदायीच राहिलं. यवतमाळसह अमरावती विभागाचे पाचही जिल्हे आणि वर्धा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत असल्याने इथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही आधीपासून लाभ होता. पुढे राज्याने वर्षाला दीड लाखाची मर्यादा ५ लाख केली आणि योजना सगळ्याच कुटुंबांना उघडली. पेशंटच्या बाजूने हे फार मोठं काम झालं. मी माझ्या डोळ्यांनी अशी घरं पाहिली आहेत, जिथे मांडीच्या हाडाच्या एका ऑपरेशनपायी बैलजोडी विकली गेली होती. आज तसं होत नाही.

पण दवाखान्याच्या गल्ल्यात याचा अर्थ काय होतो? समजा, तुमचं महिन्याचं बिल २४ लाख आहे आणि त्यातलं ६० टक्के योजनेचं, म्हणजे १४ लाख ४० हजार. प्री-ऑथ (योजनेची आगाऊ मंजुरी), ऑपरेशन, डिस्चार्ज, कागद अपलोड, क्वेरी, उत्तर, मग मंजुरी आणि मग पैसे. यात चार महिने गेले तर ५७ लाख ६० हजार रुपये कायम बाहेर अडकलेले राहतात. त्यातून १० टक्के टीडीएस कापला जातो, म्हणजे वर्षाला १७ लाखांच्या वर रक्कम रिटर्न भरून परतावा येईपर्यंत हाताशी नसते. इकडे सिस्टर, आरएमओ (निवासी डॉक्टर), वीज, ऑक्सिजन, प्लेट-स्क्रूचा सप्लायर यातलं कोणीही चार महिने थांबत नाही. कमी दराने टीडीएस कापण्याचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून मिळतं. पहिल्या वर्षीच सीएला त्यासाठी अर्ज करायला लावा. बहुतेक डॉक्टर तिसऱ्या-चौथ्या वर्षी जागे होतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझा दवाखाना वाढवायचा होता तेव्हा मी सगळं कर्ज इमारतीत घातलं. तीन मजले, लिफ्ट, समोर काच. खेळतं भांडवल म्हणून हातात सहा लाख ठेवले. आठ महिन्यांत योजनेचे दावे इतके तुंबले की स्टाफचा पगार दोनदा १० तारखेच्या पुढे गेला. कॅश क्रेडिट (येण्यांवर मिळणारी बँकेची उचल) वाढवून मागायला बँकेत गेलो तर साहेबांनी ९० दिवसांवरची येणी हिशोबातच धरली नाहीत, आणि माझी निम्मी येणी त्याहून जुनी होती. शेवटी पत्नीचे दागिने गहाण ठेवून मी हप्ते भरले. तिसरा मजला पुढे चार वर्षं रिकामा होता. त्या मजल्याचं व्याज मात्र मी दर महिन्याला भरत होतो. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, कर्ज भिंतींसाठी कमी आणि थांबण्यासाठी जास्त घ्या. प्रकल्पातला किमान चौथा हिस्सा खेळत्या भांडवलाचा ठेवा. बँकेला तो खटकेल, कारण भिंत जप्त करता येते, थांबायची ताकद जप्त करता येत नाही. तरी आग्रह धरा.

आता कॅथलॅब का नको ते सांगतो. हृदयविकाराचा झटका मंगळवारी रात्री दोनला येतो, आणि नागपूर-अमरावतीहून येणारा कार्डिओलॉजिस्ट रविवारी सकाळी असतो. गावात कायम राहणारा कार्डिओलॉजिस्ट, तंत्रज्ञ आणि प्रशिक्षित सिस्टर यांची जोडणी नसेल, तर त्या खोलीत रविवारी दोन-तीन अँजिओग्राफी होतात आणि मशीन सहा दिवस झाकून ठेवावं लागतं. देखभालीचा वार्षिक करार मात्र सातही दिवसांचा असतो. स्टेंटमधून पैसा सुटतो हा जुना हिशोबही गेला. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधवेष्टित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवली तेव्हाच तो संपला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्याच्या इम्प्लांटवरही मर्यादा आली, हे तुम्हाला अस्थिरोगात माहीतच आहे. झटका आलेल्या माणसासाठी तुम्ही करू शकता ते म्हणजे ईसीजी ताबडतोब काढणं, तो मोबाइलवर दाखवून मत घेणं, रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देणं आणि मॉनिटर लावून पुढे पाठवणं. एवढ्याने जीव वाचतात, आणि त्याला कॅथलॅबच्या खर्चाचा शंभरावा भागही लागत नाही.

मग काय चालेल? इथे मी थोडं थांबून लिहितो, कारण सगळी निवड यावर आहे.

विदर्भात मोठ्या उपचारांची गर्दी नागपुरात आहे, त्याखाली अमरावती आणि अकोला, मग चंद्रपूर, यवतमाळ. वर्ध्याकडे सेवाग्राम आणि सावंगी ही दोन मोठी शैक्षणिक रुग्णालयं. सेवाग्रामचं कॉलेज १९६९ पासून आहे आणि यवतमाळ जिल्ह्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिकडे जातात. तिथल्या दराशी कर्ज काढून उभ्या राहिलेल्या खाजगी दवाखान्याने स्पर्धा करायची नसते. २०२४ मध्ये राज्यात दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, त्यात अमरावती, वाशिम, बुलढाणा, भंडारा आणि गडचिरोली आपली. म्हणजे येत्या काही वर्षांत बाजूच्या जिल्ह्यातही सरकारी खाटा आणि विशेषज्ञ वाढणार, आणि तुमच्याकडे यायचा विचार करणाऱ्या फिजिशियनला पगाराची नोकरीही मिळणार. शिवाय समृद्धी महामार्ग. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये उघडला आणि जून २०२५ मध्ये तो मुंबईपर्यंत पूर्ण झाला. आमच्या कारंजा-मालेगावच्या लोकांना नागपूर एकदम जवळ आलं. ज्या ऑपरेशनची तारीख ठरवता येते, ते ऑपरेशन आता शहराकडे सरकतं. माझ्याकडचे पित्ताशयाचे खडे तसे सरकले.

जे सरकत नाही ते तुमचं. तुटलेलं हाड सरकत नाही. मोटारसायकलचे अपघात, ट्रॅक्टर उलटणं, सोयाबीन-तुरीच्या मळणीयंत्रात गेलेला हात, विहिरीत पडलेला माणूस, न्हाणीत घसरलेल्या म्हाताऱ्या बाईचं खुब्याचं हाड. यांना चार तास प्रवास करणं परवडत नाही. सापाचं विष आणि फवारणीची विषबाधाही थांबत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी-शेतमजुरांचे जे जीव गेले, ते तुम्ही विसरला नसाल. त्या ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या काळात दोन चालू व्हेंटिलेटर आणि रात्री जागा असणारा डॉक्टर, एवढी आयसीयू तालुक्याला हवी असते. वीस खाटांची चकचकीत नको.

डायलिसिसचं तुमचं गणित मला पटलं. तो पेशंट आठवड्यातून दोनदा येतो, म्हणजे महिन्यातून आठ-नऊ वेळा, आणि प्रत्येक वेळी सोबत घरचा एक माणूस मजुरी बुडवून येतो. तो दूरच्या स्वस्त सेंटरपेक्षा जवळचं चांगलं सेंटर निवडतो. पाच मशीन, तीन पाळ्या, महिन्याचे २६ दिवस म्हणजे ३९० सत्रं होऊ शकतात. पहिल्या वर्षी त्यातली निम्मी भरली तरी समाधान माना. नेफ्रॉलॉजिस्टशी (किडनीतज्ज्ञाशी) पंधरवड्याच्या भेटीचा लेखी करार करा, तंत्रज्ञ दोन ठेवा (एकच असला तर त्याच्या घरच्या लग्नाच्या दिवशी तुमचे पेशंट कुठे जाणार?) आणि आरओच्या पाण्याची तपासणी कधीही चुकवू नका. पण हे दुसऱ्या वर्षी. आधी हाडांचं बसू द्या.

आणि तुमच्या रिपोर्टमध्ये ज्याला शून्य किंमत दिली आहे, ते तुमचं सगळ्यात मोठं भांडवल आहे. तुमच्या घरात भूलतज्ज्ञ आहे. तालुक्याच्या गावात ऑपरेशन पैशावाचून जितकी अडतात, त्याहून जास्त भूलतज्ज्ञावाचून अडतात. मी रात्री सिझेरियनसाठी ४५ किलोमीटरवरून भूलतज्ज्ञ बोलावले आहेत आणि तो तास कसा जातो ते मला माहीत आहे. आजूबाजूच्या स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सर्जन मंडळींना तुमची ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि मॅडमची सेवा दर ठरवून वापरू द्या. ते तुमचे स्पर्धक राहणार नाहीत, आणि ओटी पहिल्या महिन्यापासून चालेल. रक्तपेढी जिल्ह्याला असेल तर रक्त साठवण केंद्राचा परवाना लवकर घ्या. त्याशिवाय खुब्याचं ऑपरेशन करायला मी तरी धजत नाही.

माझ्या मते पहिला टप्पा असा असावा. २० खाटा, भाड्याची किंवा दीर्घ कराराची इमारत, एक चांगली ओटी, सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना हाड दाखवणारं एक्स-रे यंत्र), डिजिटल एक्स-रे, चार खाटांची अतिदक्षता. सगळं मिळून सव्वादोन कोटींत बसवा आणि त्यातले ५५-६० लाख खेळतं भांडवल म्हणून बाजूला ठेवा. कर्ज दीड कोटी घेतलं तर १० वर्षांचा हप्ता २ लाखांच्या थोडा वर येतो, ७ वर्षांचा अडीच लाखांच्या. दोन महिने योजनेचा एक रुपया आला नाही तरी तुम्ही उभे राहाल. लॅबचं मशीन विकत घेऊ नका. रीएजंट (तपासणीची रसायनं) घेण्याच्या करारावर कंपन्या मशीन ठेवून देतात, फक्त महिन्याची किमान खरेदी किती हे करारात नीट वाचा. महागड्या मशीनसाठी विक्रेता स्वतःच कर्ज जुळवून देतो, तेव्हा व्याजदर, प्रोसेसिंग आणि विमा एकत्र करून बघा. आणि लक्षात असू द्या, उपचारांवर आपण जीएसटी लावत नाही, त्यामुळे यंत्रावर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तो खर्चातच जातो. सप्टेंबर २०२५ पासून बऱ्याच वैद्यकीय उपकरणांवरचा दर ५ टक्क्यांवर आला आहे. जुनं कोटेशन असेल तर नवं मागवा.

हप्त्यांची रचना हंगामाकडे बघून मागा. आपल्याकडे जूनमध्ये पैसा बियाण्या-खतात जातो, पोळ्यापर्यंत घरात दमडी नसते. ‘साहेब, कापूस इकला का मंग पाहू’ हे वाक्य मी दर पावसाळ्यात ऐकतो. पुढे ढकलता येणारी ऑपरेशन दिवाळीनंतर येतात आणि लग्नसराईपर्यंत चालतात. म्हणून दवाखाना दसऱ्याच्या आसपास सुरू करा, आणि बँकेकडून पहिल्या दोन वर्षांचे हप्ते कमी, पुढचे वाढते असे बांधून घ्या. हे मिळतं, पण मंजुरीच्या आधी मागितलं तरच.

योजनेत यायचंच आहे, पण डोळे उघडे ठेवून. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, त्यामुळे तुमच्या कामाची यादी आधी तपासा. कागदपत्रांसाठी वेगळा, चांगल्या पगाराचा माणूस पहिल्या दिवसापासून ठेवा. माझ्याकडे नाकारलेले बहुतेक दावे उपचार चुकले म्हणून गेले नव्हते, ऑपरेशननंतरचा एक्स-रे किंवा फोटो जोडायचा राहिला म्हणून गेले. आणि योजनेच्या पेशंटकडून वरचे पैसे घेऊ नका, एक रुपयाही नको. तो कॅशलेस हक्क आहे. तक्रार झाली तर योजना जाते, आणि गावात शब्द जातो.

परवान्यांचं थोडक्यात. महाराष्ट्रात नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली होते, आणि २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावावं लागतं. एक्स-रे आणि सी-आर्मला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, सोनोग्राफी घेतली तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानविरोधी कायदा) खाली नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्याचा करार, अग्निशमनाचा दाखला. शेवटच्यात काटकसर करू नका. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत दहा बाळं गेली. भाड्याची इमारत घेताना दुसरा जिना आहे का, हे भाव करायच्या आधी बघा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगतो. सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात कोणीतरी येऊन पेशंट पाठवण्याचा टक्का विचारेल. डॉक्टर असेल, गाडीवाला असेल. नाही म्हणा. पहिलं वर्ष जड जाईल, माझं गेलं. पण एकदा दिला की तो तुमच्या प्रत्येक बिलात कायमचा बसतो, आणि योजनेच्या दरात त्याला जागाच नसते. मग तो पैसा न लागणाऱ्या तपासण्यांतून काढावा लागतो. त्यापेक्षा पाठवणाऱ्या डॉक्टरला पेशंटचं काय झालं ते त्याच संध्याकाळी फोन करून सांगा. मी २२ वर्षं तेच करतोय.

आता वडिलांच्या १४ एकरांचं. ती देऊ नका. शेतजमिनीवर बँकेला सरफेसी कायदा (कोर्टात न जाता तारण जप्त करण्याचा) वापरता येत नाही, म्हणून व्यवसायाच्या कर्जाला बँक बहुधा आधी एनए (बिगरशेती) करून आणा म्हणेल, आणि जमीन भोगवटदार वर्ग २ ची (हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी वेगळी. या खटपटीत वर्ष जाईल. त्याऐवजी आधी उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) करा. दवाखाना सेवा उद्योगात बसतो. मग शाखेत सीजीटीएमएसईच्या (लघुउद्योगांच्या विनातारण कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टच्या) हमीखाली कर्ज मागा. १ एप्रिल २०२५ पासून ही हमी १० कोटींपर्यंतच्या कर्जाला मिळू शकते, तुमचे दीड कोटी त्यात सहज येतात. दरवर्षी हमी शुल्क पडेल, ते खर्चात धरा. लहान गावांत आरोग्यसुविधा उभारण्याच्या कर्जाची अग्रक्रम क्षेत्रातली (ज्यात बँकांना ठरावीक वाटा द्यावाच लागतो) मर्यादा रिझर्व्ह बँकेने २०२० मध्येच १० कोटी केली होती, हेही साहेबांना सांगा. एक शाखा नाही म्हणाली तर दुसरीत जा, तिसरीत जा. मला तिसरीत मिळालं होतं.

तारण द्यावंच लागलं तर तुमचा नागपुरातला फ्लॅट द्या. तो तुमच्या कमाईचा आहे आणि धोका पत्करायचा निर्णयही तुमचाच आहे. वडिलांना सांगा, शेती पेरत राहा. नवा रिपोर्ट २० खाटांचा करून पाठवा, योजनेची येणी १२० दिवसांची धरून. मी वाचतो.